सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज : खादी सोडून बाकीचं बोलू

पिंपळपान (धागाकर्ती)

नीटचा निकाल लागला की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. "तुम्ही सेवाग्रामच्या ना? तिथे खादी घालावीच लागते का हो?" हो. "रोज?" रोज. "आणि मेसमध्ये नॉनव्हेज?" नाही. इथवर आलं की पालकांची चौकशी संपते. जे विचारायला हवं होतं ते राहूनच जातं. म्हणून हा धागा.

ज्यांना काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था 1969 साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. काढली डॉ. सुशीला नायर यांनी. त्या गांधीजींच्या डॉक्टर, पुढे केंद्रात आरोग्यमंत्री. आम्ही सगळे त्यांना बहेनजी म्हणायचो. कस्तुरबा हॉस्पिटल त्याच्याही आधीचं. वर्ध्यापासून 8 किलोमीटरवर, शेतांच्या मधोमध. एमबीबीएसच्या 100 जागा. खर्चाची वाटणी ठरलेली : निम्मा केंद्र सरकार, पाव राज्य सरकार आणि उरलेला पाव संस्था चालवणारी कस्तुरबा हेल्थ सोसायटी. नीट येण्यापूर्वी कॉलेजची स्वतःची प्रवेश परीक्षा होती आणि तिच्यात गांधीविचारांचा वेगळा पेपर असायचा. बायोलॉजीत पैकीच्या पैकी काढणारी पोरं त्या पेपराला घामाघूम व्हायची. विद्यापीठाची परीक्षा मात्र नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची, बाकी राज्यासारखीच. तिथे खादीचे मार्क नाहीत.

सुरुवात होते ती आश्रमात. नव्या बॅचने पहिले 15 दिवस गांधीजींच्या आश्रमात राहायचं. पहाटे अंधारात प्रार्थनेला, मग झाडलोट, श्रमदान, सूतकताई, आपलं ताट आपण घासायचं. ज्या मुलांनी दोन वर्षं क्लासच्या टेस्ट सिरीज सोडून काही पाहिलेलं नसतं, ती कापसाचा पेळू हातात धरून बसतात आणि धागा सारखा तुटतो. आमच्या बॅचमध्ये एक जण नीट सूत काढायचा, तो विणकराच्या घरातला होता. बाकीचे त्याच्याभोवती गोळा.

आश्रमात दोन गोष्टी मेडिकलच्या मुलांनी मुद्दाम पाहाव्यात. एक, परचुरे कुटी. परचुरेशास्त्रींना कुष्ठरोग होता, लोक त्यांना जवळ येऊ देत नव्हते. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतः त्यांचं मालिश करत. दुसरी, साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा. साप धरायचा आणि लांब नेऊन सोडायचा, अशी व्यवस्था. तिथले साप अजून आहेत, त्याबद्दल कोणीतरी पुढे लिहीलच.

पहिल्या वर्षाचा अभ्यास इतर कॉलेजांत असतो तसाच. ॲनाटॉमीचा हॉल, फॉर्मलिनने चुरचुरणारे डोळे, उशाशी बोन सेट, इंटर्नलच्या आदल्या रात्रीचा गोंधळ. त्यात सांगण्यासारखं वेगळं काही नाही.

वेगळं आहे ते गाव. प्रत्येक बॅचला एक गाव दिलं जातं. सगळी बॅच पंधरवडाभर त्या गावातच मुक्कामाला जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच घरं येतात. ती घरं मग पुढची काही वर्षं तुमची. दर महिन्याला जायचं. पोरांची वजनं, म्हाताऱ्यांचं बीपी, कोणाला दिवस गेले, कोण वारलं, सगळं तुमच्या फोल्डरमध्ये.

एक उदाहरण देते. विहिरीत ब्लिचिंग पावडर किती टाकायची हे काढायला हॉरॉक्सचं उपकरण असतं. सहा पांढरे पेले, एक काळा. प्रत्येक एमबीबीएसवाल्याला प्रॅक्टिकलला ते येतं. पहिला निळा पेला कितवा ते बघायचं, दोनने गुणायचं, तितके ग्रॅम 455 लिटर पाण्याला. परीक्षेत विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली छापून दिलेली असते. गावात दोर लागतो, दोराला बांधायला दगड लागतो, विहीर गोल नसते, एका बाजूने ढासळलेली असते, आणि काठावरच्या बायका विचारतात, "बाई, याचा वास येईन का डाळीले? डाळ शिजन का?" वास येईलच, असं खरं सांगितलं तर पावडर टाकू देणार नाहीत. नाही सांगितलं तर पुढच्या महिन्यात त्या तुम्हाला दारात उभं करणार नाहीत. याचं उत्तर कुठल्या पुस्तकात नाही. आम्ही रात्री पावडर टाकायची आणि सकाळपर्यंत कोणी पाणी भरायचं नाही, अशी तडजोड केली होती.

तिथे शिकलेल्यांनी, शिकत असलेल्यांनी भर घालावी. विरोधी मतंही चालतील.

---

मीनलची_आई

धागा अगदी वेळेवर आला. मुलीचा सेवाग्रामचा विचार चालू आहे. माझे प्रश्न खादीचेच आहेत, सॉरी! महाग पडते का? धुवायची कशी? शिवाय आम्ही अलिबागचे, वर्ध्याच्या उन्हाळ्याची धास्ती वाटते. आणि रॅगिंग?

---

गोरसपाक

वाचनखूण साठवली. मी अलीकडेच इंटर्नशिप संपवून बाहेर पडलो.

काकू, खादी 2 ऑक्टोबरच्या सुमारास सवलतीत मिळते, तेव्हा वर्षाची खरेदी करायची. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात नैसर्गिक रंगांची चांगली मिळते. सुरुवातीला दोन जोड पुरे. मुली कुर्ते शिवून घेतात. घरून मुद्दाम कडक खळ घालून आणू नका, सहा महिन्यांत इस्त्री या विषयावरचा विश्वास उडतो. वर एप्रन असतोच.

उन्हाळा : मे महिन्यात 45 च्या पुढे जातो. कूलरशिवाय झोप नाही. दुपारी सायकलच्या हँडलला हात लागत नाही. नवतपाच्या (मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या) दिवसांत ओपीडीत उष्माघाताचे पेशंट येतात, त्यात आपण भर घालू नये म्हणून पाण्याची बाटली सोडायची नाही. मुंबईची पोरं पहिल्या एप्रिलला घरी फोन करून रडतात. दुसऱ्या एप्रिलला ज्युनियरना शहाणपण शिकवतात.

रॅगिंगला महाराष्ट्रात 1999 पासून कायदा आहे आणि मेडिकल कॉलेजांवर आता लक्षही बरंच असतं. तरी मुलीला एवढं सांगून ठेवा की कुठेही, कोणत्याही कॉलेजात, "परंपरा आहे" असं म्हणून काही करायला लावलं तर लगेच बोलायचं.

नॉनव्हेजचं म्हणाल तर वर्धा शहर जवळ आहे, एवढंच लिहितो. दारूचं म्हणाल तर जिल्ह्यातच बंदी. मेडिसिनच्या वॉर्डात पहिल्यांदा पोस्टिंग लागलं की प्रत्येक बॅचचा कोणीतरी विचारतो, "सर, दारूबंदीच्या जिल्ह्यात लिव्हरचे एवढे पेशंट कसे?" सर नुसते बघतात.

---

मेडिकल_चौक

मी नागपूरच्या जीएमसीचा, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचा. नागपुरात "मेडिकल" म्हटलं की आमचंच, बाकीच्यांनी पूर्ण नाव सांगावं.

पिंपळपानताई, लेख छान आहे, पण थोडं टोचतो. प्रार्थनेला हजेरी आणि खादीची सक्ती केल्याने सेवाभाव येतो हे मला पटत नाही. सेवाग्रामचे माझे दोन-तीन मित्र आहेत, उत्तम डॉक्टर. एक पुण्यात, एक अमेरिकेत, एक नागपुरात रामदासपेठेत, माझ्याच समोर. आमच्या कॉलेजचे लोक जिथे गेले तिथेच तुमचेही गेले. मग चरख्याने काय साधलं?

दुसरं. डॉक्टर पेशंटच्या संख्येने घडतो. आमच्याकडे कॅज्युअल्टीत एका रात्रीत जे दिसतं ते लहान गावात आठवड्यात दिसणार नाही. सर्जरीत जायचं असेल त्याने तरी मोठं सरकारी कॉलेजच धरावं.

---

गोरसपाक

@मेडिकल_चौक, सर, अपघाताचा आणि गोळीबाराचा माल तुमच्याकडे जास्त, मान्य. पण कस्तुरबातही हजाराच्या आसपास खाटा आहेत आणि पावसाळा सुरू झाला की त्या कमी पडतात.

जुलैपासून साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, यांच्या विषावर एकच उताऱ्याची लस चालते, पण कधी द्यायची हे ठरवायला इंटर्नला काचेची नळी घेऊन बसावं लागतं. दोन मिली रक्त, स्वच्छ कोरडी काचेची ट्यूब, 20 मिनिटं हात लावायचा नाही. मग तिरपी करायची. रक्त न गोठता वाहिलं तर घोणस किंवा फुरसं, लस सुरू. त्या 20 मिनिटांत नातेवाईक दहा वेळा विचारतात, "काही करत का नाही?" आणि तुम्ही खरोखरच काही करत नसता, घड्याळ बघत असता.

मण्यार त्याहून अवघड. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतं म्हणून उठतो. दंशाची खूण नाही, सूज नाही. पापण्या जड दिसतात, घरच्यांना वाटतं झोप झाली नाही. आमच्या सरांचा नियम होता : पावसाळ्यात पहाटेचं पोट दुखणं आलं की आधी पापण्या बघा, मग पोट. हे मला परीक्षेच्या कुठल्याही प्रश्नसंचाने सांगितलं नव्हतं.

ऑगस्ट ते ऑक्टोबर कीटकनाशकांची फवारणी. कपाशी आणि सोयाबीन. काही चुकून, काही जाणूनबुजून प्यायलेले. बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडाला फेस, अंगाला तो वास. ॲट्रोपिन (त्या विषावरचा उतारा) देत राहायचं आणि दर 15 मिनिटांनी नाडी, बाहुली, छातीतले आवाज कागदावर लिहायचे. सकाळी राउंडला रकाने भरलेले दिसले पाहिजेत. एमर्जन्सी मेडिसिन मी तिथे त्या रकान्यांत शिकलो. शिवाय सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. मुंबईच्या मित्राने एमबीबीएसभर एक क्रायसिस (त्यातला तीव्र वेदनांचा झटका) पाहिली नव्हती, आमच्या पेडियाट्रिक वॉर्डात ती पोरं नावाने ओळखीची.

---

पिंपळपान

@मेडिकल_चौक, प्रार्थनेबद्दल तुमच्याशी अर्धं सहमत. शुक्रवारच्या सर्वधर्म प्रार्थनेत बौद्ध, इस्लामी, ख्रिस्ती, पारशी प्रार्थना ओळीने होतात आणि मागच्या रांगेत फार्माकॉलॉजीच्या नोट्सही वाचल्या जातात. सक्तीने भक्ती येत नाही. आली तर झोप येते.

माणसं शेवटी शहरात गेली हेही खरं. पण पुण्यात गेलेला तुमचा मित्र पेशंटला डिस्चार्ज देताना "गाव किती लांब, बस किती वाजता, घरी कोण आहे" असं विचारतो का, ते एकदा बघा. माझं म्हणणं तेवढंच आहे, फार मोठा दावा नाही.

आणि गावात जाणारेही निघाले. एमडी तिथेच करायचं तर आधी दोन वर्षं ठरवून दिलेल्या स्वयंसेवी संस्थांच्या दवाखान्यात काम करावं लागे, अशी अट आमच्या वेळी होती. माझ्या वर्गातले काही जण अटीपुरते गेले आणि परत आलेच नाहीत.

---

वावरातला

मी दत्तक गावातलाच हाव. गावाचं नाव नाई सांगत, लोक वळखतीन.

तुमी डॉक्टर लोकं लिहून राह्यले तं म्या म्हटलं आपणबी लिहू. आमच्या घरी लय पोरं येऊन गेले. एक बॅच गेली का दुसरी. दर सालचे प्रश्न तेच. घरात जन किती? संडास हाय का? वापरता का? पानी कुठून भरता? आजीले तं पाठ झालते. एक डाव नवी पोरगी आली, आजीनं तिले बसाच्या आधीच सांगतलं, "लिही बाई. सहा जन, संडास हाय, वापरतो, बीपीची गोळी चालू हाय, तमाकू सोडली नाई. आता च्या पे."

पोरगी असी हासली का बावा, मंग तिनं कागद ठेवूनच देल्ला. आजीसंगं शेंगा सोलत बसली. आजीनं तिले जे सांगतलं ते आमाले बी मालूम नोव्हतं, का तिले रातचं दिसत नाई म्हनून. दुसऱ्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

नागपूरवाले साहेब म्हनते का फायदा काय. मी सांगतो. तो दवाखाना लय मोठा हाय. चिठ्ठी कुठं काढाची, रगत कुठं द्याचं, एक्सरे कोन्या माळ्यावर, काई समजे नाई. आमचं घर ज्या पोराकडं होतं तो सेकंड इयरले होता. त्याले गोळी लिहाचाबी अधिकार नोव्हता. पन आमी गेलो का तो खाली ये आन संगं फिरे. बाबा भरती होते तवा रातच्याले पुस्तक घेऊन तिथंच बसे. औषध मोठ्या डॉक्टरनं देल्लं, पन बाबा अजूनबी त्याचंच नाव घेते.

ज्वारीचं कोनी लिहिलं नाई. आबा सांगत का कापनी झाली का घरोघरची ज्वारी जमा होये. ज्याचं वावर मोठं त्याची जास्त, ज्याले वावर नाई त्याची थोडी. तोच इमा. मंग घरातलं कोनी अचानक भरती झालं तं बिलात सूट.

---

मेडिकल_चौक

@वावरातला, भाऊ, हा प्रतिसाद वाचून गप्प बसलो होतो. आजीबाई कशा आहेत?

---

वावरातला

हायेत. तमाकूबी हाय.

---

लखनौ_ते_वर्धा

मी मूळचा लखनौचा. मराठी सेवाग्रामला शिकलो, आता दिल्लीत असतो, लिहिण्यात चुका झाल्या तर समजून घ्या.

माझ्या काळात निम्मे विद्यार्थी महाराष्ट्राबाहेरचे असायचे. केरळ, दिल्ली, यूपी, बिहार, ईशान्येकडचे. हॉस्टेलमध्ये हिंदी चालायची, वॉर्डात चालत नसे. मला पहिल्या केसमध्ये मावशी म्हणाल्या, "आंग मोडून राह्यलं, जीव घाबरते." मी लिहिलं : फ्रॅक्चर, एन्झायटी. मॅडमनी ते पूर्ण क्लासला वाचून दाखवलं. त्यानंतर मी रोज संध्याकाळी वॉर्डातल्या आयांसोबत बसून बोलायला शिकलो. म्हणून माझी मराठी वऱ्हाडी आहे. पुण्याला कॉन्फरन्समध्ये बोललो की लोक विचारतात, तुमचं गाव अकोल्याकडे का?

ज्वारीच्या विम्याबद्दल : योजना 1980 च्या दशकाच्या सुरुवातीची आहे, मेडिसिन विभागातल्या डॉ. उल्हास जाजू यांनी उभी केलेली. आम्हाला कम्युनिटी मेडिसिनमध्ये आरोग्य विमा शिकवताना जगभरची मॉडेल्स शिकवायचे. त्यातलं एक मॉडेल कॉलेजच्या फाटकापासून सायकलच्या अंतरावर होतं.

आणि आंजीचा कॅम्प कोणी कसा विसरला? तिसऱ्या वर्षी ग्रामीण आरोग्य केंद्रात मुक्काम, दिवसा प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी, सर्व्हे. रात्री अंताक्षरी. आमच्या बॅचमधली किमान तीन लग्नं आंजीत ठरली.

---

पिंपळपान

आंजी विसरले नाही. नवरा हा धागा वाचतो म्हणून लिहिलं नव्हतं. :)

---

गोरसपाक

आता जरा कडू. नव्या पोरांचं चित्र कोणीतरी लिहायला हवं.

2022 पासून कुटुंब दत्तक योजना देशभरातल्या सगळ्या मेडिकल कॉलेजांच्या अभ्यासक्रमात आली आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबं घ्यायची आणि शिक्षण होईपर्यंत त्यांच्याकडे जायचं. सेवाग्रामला हे कितीतरी वर्षं चालूच होतं, त्यामुळे छाती फुगली. पण दुसऱ्या एका कॉलेजातला (नाव घेत नाही) मित्र सांगतो : बस दुपारी जाते, बॅनर लावतात, फोटो होतो, चार वाजता परत. लॉगबुक भरायला व्हॉट्सॲपवर नमुना फिरतो. एकाच घरातल्या बाईचं बीपी पन्नास जणांच्या वहीत 120/80.

आणि सगळीकडे पीजीच्या (एमबीबीएसनंतरच्या शिक्षणाच्या) प्रवेश परीक्षेचं सावट. पूर्वी ते इंटर्नशिपला सुरू व्हायचं, आता दुसऱ्या वर्षापासून. वॉर्डात पेशंटशेजारी उभा राहून मोबाइलवर प्रश्न सोडवणारा मुलगा तुम्हाला कुठल्याही कॉलेजात दिसेल. त्याला दोष देणं सोपं आहे, पण पीजीच्या जागा मोजक्या, नुसत्या एमबीबीएसला आपण समाज म्हणून विचारत नाही, मग तो काय करणार? गावाला जायचा दिवस म्हणजे त्याला वाया गेलेला दिवस वाटतो. मलाही काही वेळा वाटला.

तरी मी म्हणेन की फरक मुक्कामाने पडतो. बसने जाऊन परत येणाऱ्याला गाव दुपारचंच दिसतं. दुपारी गावात असतात म्हातारे आणि लहान पोरं. ज्या बाईचं हिमोग्लोबिन सहा आहे ती दुपारी कपाशी वेचत असते. ती भेटते रात्री आठनंतर, चुलीपुढे. पंधरा दिवस तिथे राहिलात तरच.

---

कोकणकडा_यूके

+१ शेवटच्या परिच्छेदाला. मी मुंबईच्या केईएमचा, सध्या इंग्लंडमध्ये जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. आमच्याकडे प्रत्येक माणूस कुठल्या तरी दवाखान्याच्या यादीत असतो आणि पिढ्यानपिढ्या तीच घरं येतात. मला हे पस्तिशीत शिकावं लागलं. केईएममध्ये कामाचा डोंगर उपसला, पण डिस्चार्जनंतर पेशंटचं काय झालं हे क्वचितच कळलं. अठराव्या वर्षी घर नेमून देणं ही कल्पना फार मोलाची आहे. खादीबद्दल माझं काही मत नाही, इकडे ती परवडणारही नाही.

---

मीनलची_आई

सगळ्यांचे खूप आभार. मुलीने पूर्ण धागा वाचला. तिचा पहिला प्रश्न : साप हॉस्टेलमध्ये येतात का? दुसरा : आश्रमात 15 दिवस मोबाइल चालतो का? आणि माझा : अलिबागहून कसं जायचं?

---

पिंपळपान

मोबाइलचा नियम त्या-त्या वर्षी काय असेल तो कॉलेजच सांगेल, आमच्या काळात पोस्टकार्डं होती. साप आवारात असतात, खोलीत सहसा नाही. रात्री टॉर्च घेऊन चालायचं, बूट झटकून घालायचे, जमिनीवर झोपायचं नाही, मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचायची.

मुंबईहून सेवाग्राम एक्सप्रेसने वर्ध्याला उतरा. दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या बऱ्याच गाड्या सेवाग्राम स्टेशनलाही थांबतात. दोन्हीकडून रिक्षा मिळते. पहिल्या खेपेला सामान कमी आणा, बादली-मग-कूलर सगळं वर्ध्यात मिळतं. प्रवेशाच्या फेऱ्या, कोटा, फी, बॉण्ड (शिक्षणानंतरची सक्तीची सेवा) यांचे नियम दरवर्षी हलतात, ते कॉलेजच्या आणि सीईटी सेलच्या संकेतस्थळावरच बघा, इथल्या कोणाच्याही (माझ्यासुद्धा) आठवणीवर विसंबू नका.

---

गोरसपाक

आणि परत जाताना काकू, वर्ध्याच्या गोरस भांडारातून गोरसपाक (तिथलं खास बिस्किट) न्या. आयडी उगाच घेतलेला नाही.

---

मेडिकल_चौक

बॉण्डवर वेगळा धागा काढा कोणीतरी. त्यावर मला बरंच बोलायचं आहे आणि तिथे मी इतका सभ्य असणार नाही.